दिवे वाढवावेत

"म्याडम, काटा हललाच न्हाई," ट्रान्स्फॉर्मरखालच्या पेटीत डोकं घालून इलाहीभाई म्हणाले.

"नीट बघा. साडेसहा वाजून गेलेत."

"नीटच बघतोय. मगाशी तीनशे बारा हुतं, आता तीनशे दहा. दोन कमी झालं म्हणा की."

या दोन ॲम्पिअरसाठी मी चार दिवस कापडपेठेतल्या दुकानांचे उंबरे झिजवले होते. हातातला टॉर्च इलाहीभाईंच्या डोक्यात घालावा असं वाटलं, पण त्यात त्यांची काही चूक नव्हती. काटा वाचणाऱ्यावर राग काढायचा नसतो, एवढं शिक्षण माझं झालं होतं.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. वीज कंपनीत नुकतीच कनिष्ठ अभियंता म्हणून लागले होते, आणि बेलापूरच्या पोरीला नेमणूक मिळाली होती सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावी. सहा महिन्यांत गावानं माझं 'लाइटवाल्या बाई' असं बारसंही करून टाकलं होतं. इलाही मुल्ला आमचे वायरमन. वयानं माझ्या वडलांएवढे, त्यामुळे हुकूम मी द्यायची आणि शहाणपण ते शिकवायचे.

कापडपेठेचा ट्रान्स्फॉर्मर जुना होता. एका फेजला पावणेतीनशे ॲम्पिअर, याहून जास्त ओझं त्याला झेपत नसे. दिवाळी आली की संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ सगळ्यांना एकदमच वीज लागायची. घरातले दिवे, टीव्ही, पाण्याच्या मोटारी, आणि त्यावर पेठेतले हॅलोजन, शोकेसचे बल्ब, पाट्यांच्या ट्यूब. नवा ट्रान्स्फॉर्मर दिवाळीनंतर येणार होता. तोवर जुना जळू नये म्हणून आमच्या भोकरेसाहेबांनी सोपा उपाय काढला होता. संध्याकाळचे ते दोन तास अख्ख्या पेठेची वीजच बंद. ऐन दिवाळीत.

"साहेब, चार दिवस द्या," मी म्हटलं होतं. "पेठेनं नुसते जादा दिवे दोन तास बंद ठेवले तरी पुरे. आतल्या दोन ट्यूबवर दुकान चालतं."

साहेब हसले होते. "व्यापारी, आणि दिवाळीत दिवे बंद करतील? ठीक आहे. वसुबारसेला संध्याकाळी सात वाजता मी स्वतः येतो. काटा दोनशे सत्तरच्या खाली दिसला तर तुमचं खरं. नाहीतर तिथल्या तिथे खटका ओढून जातो. भाऊबीजेपर्यंत."

ती वसुबारसेचीच संध्याकाळ होती, आणि माझ्या हातात अठ्ठावीस मिनिटं होती.

"तुम्ही इथंच थांबा," असं इलाहीभाईंना सांगून मी पेठेत शिरले आणि जागच्या जागी उभी राहिले.

पेठेची पूर्वेची रांग कशी गुणी बाळासारखी शांत होती. हॅलोजन बंद, शोकेस बंद, आत एकेक दोन-दोन ट्यूब. आणि पश्चिमेची रांग? डोळ्यांवर हात धरावा लागला! रोज असत त्याहून जास्त दिवे. पायऱ्यांवर दिवे, छतावर माळा, आणि सुहास तारळेकरच्या रेडिमेड कपड्यांच्या दुकानावर नेहमीच्या दोन हॅलोजनशेजारी मांडववाल्याकडून आणलेले नवे चार. पूर्वेनं जे वाचवलं ते पश्चिमेनं जाळलं होतं. काट्याला बिचाऱ्याला हलायला जागाच नव्हती.

मी तरातरा सुहासच्या पायऱ्या चढले.

"काय चाललंय हे? तुम्हाला काय सांगितलं होतं?"

सुहास पस्तिशीचा, हसतमुख, चौकड्याच्या शर्टातला माणूस. पश्चिमेची सगळी रांग त्याच्याकडे बघून चालायची. तो खांद्यावरची टेप सावरत म्हणाला, "तेच की केलंय म्याडम. दिवे वाढवलेत."

"वाढवलेत?"

"बोर्ड वाचला न्हाई का तुम्ही? आण्णांनी सोताच्या अक्षरात लिवलंय. अध्यक्षांचा हुकूम हाय. मोडायचा कसा?"

मी पळत चौकात गेले. पेठेच्या मधोमध व्यापारी मंडळाचा काळा फळा होता. कुणाचं लग्न, कुणाचं तेरावं, कधी सभा, सगळं त्यावर खडूनं लिहिलेलं असे, आणि लिहायचा मान अध्यक्षांचा. गुरुलिंग शेटे, म्हणजे आण्णा, यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. वरच्या ओळीत लिहिलं होतं, 'दिवाळीनिमित्त या सोमवारी पेठ बंद राहणार नाही.' त्याखाली ठसठशीत अक्षरात, 'आज सायंकाळी साडेसहा ते साडेआठ सर्व दुकानदारांनी जादा दिवे वाढवावेत. हुकमावरून.'

आदल्या दिवशी आण्णांच्या गादीवर बसून मी त्यांना मजकूर सांगितला होता. पूर्वेचे सगळे दुकानदार त्या बैठकीला होते. पश्चिमेचं कुणी आलं नव्हतं, कारण सुहास आण्णांच्या दुकानाची पायरी चढत नसे आणि सुहास जात नाही तिथे पश्चिम जात नसे. दारोदार फिरताना पश्चिमेला मी 'बोर्डावर येईल तसं करा' एवढंच सांगून ठेवलं होतं; काय ते त्यांना फळ्यावरूनच कळणार होतं. मी चक्क 'बंद ठेवावेत' असं सांगितलं होतं. 'ठेवावेत'वर बोटसुद्धा आपटलं होतं.

पुन्हा पळत आण्णांच्या दुकानात. आण्णा एका ट्यूबच्या उजेडात गादीवर बसले होते. कपाळावर विभूती, डोक्यावर पांढरी टोपी, चेहऱ्यावर कर्तव्य केल्याचं समाधान. समोर एक बाई इरकल साड्यांचा ढीग उपसत बसली होती.

"आण्णा, हे काय लिहून ठेवलंत?"

"तुम्ही सांगितलंसा तेच."

"मी बंद सांगितलं होतं! तुम्ही वाढवा लिहिलंत!"

आण्णांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मीच काहीतरी अभद्र बोलले होते.

"म्याडम, आज वसुबारस. आजपासनं दिवाळीचा पहिला दिवा लागतो. आन् आज मी पेठंच्या बोर्डावर दिवे विझवा म्हणून लिवू व्हय? नारळ फोडला म्हणतो का आपण? वाढवला म्हणतो. बायकांची बांगडी फुटत न्हाई, वाढती. रात्री दुकान काय करतो आम्ही?"

"बंद करता."

"वाढवतो!" आण्णा गरजले. "मग दिवाच तेवढा विझवायचा व्हय?"

"आमच्या घरी लाइट ऑफ करतात, आण्णा."

"मग तुमच्याकडं लक्ष्मी इंग्रजीत येत असंल."

साडीवाल्या बाई खुदकन हसल्या. मलाही हसू येत होतं, पण घड्याळात पावणेसात झाले होते. मी आण्णांना हाताला धरून दारात आणलं आणि समोरची रांग दाखवली.

"बघा तुमच्या मराठीचा उजेड! सातला साहेब येतायत. काटा तीनशे दहावर आहे. पंधरा मिनिटांनी खटका ओढला की लक्ष्मीपूजनालाही पेठेत काळोख. मग काय, दिवाळीच वाढवायची का?"

आता आण्णांचा चेहरा उतरला.

"त्याला सांगा जाऊन," ते हळूच म्हणाले.

"सांगितलं. परत सांगते."

मी रस्ता ओलांडला. सुहासनं माझं सगळं ऐकून घेतलं. वाढवणे म्हणजे इथे कमी करणे, असा अर्थ मी त्याला व्याकरणाच्या बाईंसारखा समजावून सांगितला. तो मान डोलावत होता.

"आसं व्हय. मला वाटलं, दिवाळी हाय, आण्णा खुशीत असतील."

"आता कळलं ना? करा बंद."

"तुमच्या सांगण्यावर कसं करू म्याडम? बोर्ड आण्णांचा. उद्या म्हणतील, अध्यक्षाचा शब्द मोडला. त्यांनी येऊन सांगितलं, तर करतो."

"अहो, वेळ कुठे आहे?"

"बारा पावलांचा रस्ता हाय," सुहास म्हणाला. "किती वेळ लागतोय?"

या बारा पावलांची गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती. सुहास आण्णांच्याच दुकानात वाढलेला. सहा वर्षं त्यांच्या गादीवर त्यानं साड्या उलगडल्या, घड्या घातल्या. मग एके दिवशी म्हणाला, आण्णा, एका कोपऱ्यात रेडिमेड ठेवू या. आण्णा म्हणाले, माझ्या दुकानात प्यांटी लोंबणार न्हाईत. शब्दानं शब्द वाढला. सुहासनं बरोबर समोरचा गाळा घेतला आणि पहिल्याच दिवशी दारावर ओळीनं प्यांटी लोंबवल्या. त्यानंतर आठ वर्षं दोघं रोज सकाळी एकमेकांसमोर दुकान उघडत होते आणि एक शब्द बोलत नव्हते.

मी परत आण्णांकडे. एव्हाना मला त्या रस्त्याचा प्रत्येक खड्डा पाठ झाला होता.

"तो म्हणतो, तुम्ही येऊन सांगा."

आण्णा वळून पुन्हा गादीवर जाऊन बसले. मला वाटलं, संपलं. साहेबांचं हसणं मला आताच ऐकू यायला लागलं. मग आण्णा वाकले आणि गादीखालच्या चपला शोधू लागले. डाव्या पायात उजवी घातली, काढली, पुन्हा घातली. टोपी नीट केली.

"कुठं निघालासा?" साडीवाल्या बाईंनी विचारलं.

"समोर," आण्णा म्हणाले, जणू परगावी निघाले होते.

ते पायरी उतरले तेव्हा पूर्वेच्या रांगेतले सगळे दुकानदार दारात येऊन उभे राहिले. पश्चिमेचे पण आले. गिऱ्हाइकांना काही कळेना, पण दुकानदारच बाहेर म्हटल्यावर तेही बाहेर. एक सायकलवाला मधेच थांबून उभा राहिला. हॅलोजनच्या झगझगीत उजेडात आण्णा डोळे बारीक करून, धोतराचा सोगा हातात धरून चालत होते. मी मागोमाग होते आणि मनातल्या मनात पावलं मोजत होते. बारा नव्हती, चौदा झाली.

सुहास पायरीवर उभा होता. आण्णा जवळ आले तशी त्यानं खांद्यावरची टेप काढून हातात गुंडाळली.

"सुहास."

"जी, आण्णा."

आण्णांनी वर बघितलं. सहा हॅलोजन, माळा, दारावरच्या प्यांटी. मला वाटलं, आता इथेच पुन्हा जुंपणार.

"दिवे वाढव रे," आण्णा म्हणाले.

सुहास एवढा मोठ्यानं हसला की दुकानातलं एक बाळ दचकून रडायला लागलं.

"वाढवतो की, आण्णा. आत्ता वाढवतो!"

तो आत धावला. खट, खट, खट. सहा हॅलोजन गेले, माळा गेल्या, पाटीची ट्यूब गेली. शेजारच्या दुकानात खट. पलीकडे खट. पश्चिमेची रांग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शांत होत गेली, आणि पेठेच्या तोंडाशी ट्रान्स्फॉर्मरखालून इलाहीभाईंचा आवाज घुमला.

"म्याडम! दोनशे नव्वद!"

लोकांनी तिकडे माना वळवल्या.

"दोनशे सत्तर!"

"खाली पाहिजे!" मी ओरडले. "सत्तरच्या खाली!"

"साठ! म्याडम, पंचावन्न! दोनशे बावन्न! थांबला, बावन्नवर थांबला!"

आणि कापडपेठेनं टाळ्या वाजवल्या. ॲम्पिअर म्हणजे काय ते त्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हतं, पण आण्णा समोरच्या पायरीवर उभे होते, ते सगळ्यांना दिसत होतं. मी पण टाळ्या वाजवल्या. नोकरीत असताना रस्त्यात उड्या मारू नयेत, म्हणून दोनच मारल्या.

तेव्हा कुठे मला पायऱ्यांवरच्या पणत्या दिसल्या. वसुबारसेच्या म्हणून प्रत्येक दुकानाच्या उंबऱ्यापाशी दोन-दोन लावलेल्या होत्या. मघापासून तिथेच जळत होत्या, पण हॅलोजनपुढे त्यांचा पत्ताच लागत नव्हता. सुहासच्या दुकानातून एक आजी नातीचा झगा हातात धरून बाहेर आल्या आणि पणतीपाशी वाकून म्हणाल्या, "अगं बया, ह्यो तर वांगी रंगाचा हाय. आत मला जांभळा दिसत हुता. ह्योच दे, सुहास."

सात वाजून पाच मिनिटांनी भोकरेसाहेबांची जीप आली. साहेबांनी पेटीत वाकून बघितलं. मग चष्मा लावून बघितलं. मग काचेवर टिचकी मारली.

"काटा अडकलाय का रे इलाही?"

"अडकला हुता साहेब," इलाहीभाई म्हणाले. "आठ वर्षं. आत्ताच सुटला."

साहेबांना काही समजलं नाही. ते हात हलवत म्हणाले, "ठीक आहे, रोज असंच दिसलं पाहिजे," आणि निघून गेले. खटका जागच्या जागी राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खबरदारी म्हणून फळ्यापाशी हजर झाले. आण्णा खडू घेऊन उभे होते आणि सुहास शेजारी डस्टर घेऊन. रात्रभर विचार करून मी एक शब्द काढला होता.

"आण्णा, विझवणं नको आणि वाढवणंही नको. 'साडेसहा ते साडेआठ दिव्यांचा विसावा' असं लिहा."

आण्णांनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवला. "विसावा. हां, ह्ये बरं हाय. लाइटवाल्या बाईंना मराठी येतंय की!"

त्या दिवाळीत एकाही संध्याकाळी पेठेतली वीज गेली नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी साडेआठ वाजता विसावा संपला, दोन्ही रांगांचे दिवे एकदम लागले, आणि पोरांनी फटाके उडवावेत तसा आरडाओरडा केला. नवा ट्रान्स्फॉर्मर आला, तरी पेठेनं विसावा सोडला नाही. पुढे माझी बदली झाली. पुढच्या नेमणुकांमध्ये मी बऱ्याच बाजारांना दिवे कमी करायला लावलं, तक्ते दाखवले, भाषणं दिली. पण तशा टाळ्या मला पुन्हा कधी मिळाल्या नाहीत.

सात वर्षांनी पत्रिका आली. आण्णांचं सहस्रचंद्रदर्शन. निमंत्रकांत पहिलं नाव सुहास तारळेकरचं. मी रजा टाकून गेले.

आण्णांना पाटावर बसवून एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळलं. सगळी पेठ जेवायला होती. आण्णांच्या दुकानात आता एका कोपऱ्यात लहान मुलांचे कपडे होते, आणि सुहास दोन्ही दुकानांतून ये-जा करत होता. रस्ता तोच, पण पावलं मोजावीत इतका सावकाश कुणी ओलांडत नव्हतं. पंगतीत मठ्ठा वाढायला तो माझ्यासमोर आला तेव्हा मी त्याला छेडलं.

"वाढा, वाढा. की वाढवता?"

तो हसला, आणि मठ्ठ्याचं भांडं घेऊन माझ्यासमोर उकिडवा बसला.

"म्याडम, एक सांगू? त्या दिवशी मला सगळं बरोबर कळलं हुतं."

"काय कळलं होतं?"

"वाढवा म्हंजे काय ते. सहा वर्षं रोज रात्री मीच विचारायचो की. आण्णा, दुकान वाढवू का? त्ये हूं म्हणायचे, मग मी फळ्या लावायचो. ज्यानं सहा वर्षं दुकान वाढवलं त्याला दिवे वाढवायचं कळणार न्हाई व्हय?"

मी हातातला घास खाली ठेवला. "मग ते चार हॅलोजन?"

"दुपारी बोर्ड वाचला आन् मांडववाल्याकडं गेलो. म्हटलं, एवढा उजेड करू की म्हाताऱ्याला सांगायला यावंच लागंल. भांडायला आले आसते तरी चाललं आसतं."

"अहो, साहेबांपुढे माझी अब्रू टांगणीला होती!"

"म्हणून तर तुम्हाला दोनदा माघारी धाडलं. तुम्ही आण्णांना आणल्याबिगर ऱ्हाणार नव्हता," सुहास म्हणाला आणि पुढच्या पानावर मठ्ठा वाढायला गेला.

मी हसावं की चिडावं या विचारात हात धुवायला चौकात आले. फळा तिथेच होता. आण्णांचा हात आता कापत असे, तरी अक्षर त्यांचंच होतं. वर लिहिलं होतं, 'आजच्या कार्यक्रमानिमित्त पेठ बंद राहील.'

मी ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली, ओल्या हातांनी तशीच आत गेले आणि पाटाशेजारी जाऊन बसले. आण्णांना कमी ऐकू यायचं, म्हणून कानाशी वाकले.

"आण्णा, बोर्डावर बंद लिहिलंय तुम्ही. दर सोमवारचंही लिहायचात, पेठ बंद राहील. त्या वसुबारसेला सुद्धा वरच्या ओळीत बंदच होतं. तेवढा शब्द तुम्हाला चालत होता की!"

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग समोर बघितलं. दारात सुहास कुणाला तरी पानसुपारी देत होता.

"सहा वर्षं रोज रात्री विचारायचा," आण्णा म्हणाले. "आण्णा, दुकान वाढवू का? गेल्यावर आठ वर्षं कुणी विचारलं न्हाई. मी आपलं लिवून बघितलं, अजून त्याच्या ध्येनात हाय का."